गुरुजींचं उसनं

शुक्राच्या अंगठ्याला चिंबोरी चावली, ती नेमकी भात पिकल्यावर. आषाढात चावली असती, श्रावणात चावली असती, तर कुणी विचारलंही नसतं. आणि खरं सांगायचं तर चूक तिची नव्हतीच. ती आपल्या बिळात गुमान बसली होती. ओहोळाकाठी पालथा पडून खांद्यापर्यंत हात आत घातला तो शुक्राने. घरात शिरलेल्या माणसाला ती काय पानसुपारी देणार?

उजव्या हाताचा अंगठा सुजून वांग्याएवढा झाला. बुधीबाईने त्यावर हळद-चुना थापला, वर पळसाचं पान बांधलं आणि बांधताना नवऱ्याला जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं.

"पोरं पन बिळान काठी घालून बघतात आदी. तू अख्खा हात घातलास."

"काठी नव्हती," शुक्रा म्हणाला.

"रानान राहतोस नि काठी नव्हती!"

साल अठ्ठ्याऐंशी. पाऊस त्या वर्षी चांगला झाला होता आणि तलासरीकडच्या झरी गावापासून तासाभराच्या वाटेवर असलेल्या भोकरपाड्याची सगळी खाचरं पिवळीधमक झाली होती. शुक्राचंही शेत पिकून माना टाकू लागलं होतं. आणखी आठ दिवस राहिलं असतं तर दाणा खाचरातच गळला असता. त्यात येत्या सोमवारी वखारवाल्याचा ट्रक पाड्यावर यायचा होता, गवत कापणीची टोळी न्यायला. टोळीत माणसं जोडीने घेत. शुक्रा आणि बुधीबाई अशी जोडी ठरली होती. मुलगी काळी चौथीत होती. ती मागे शुक्राच्या चुलत्याकडे, भिकाआजाकडे राहून शाळेत जाणार होती. पण हे सगळं कधी, तर भात सोमवारच्या आत घरात आलं तर.

"नाय आलं तर?" शुक्राने विचारलं.

"तर मी राहीन भात कापाया नि काळी जाईल तुझ्या जोडीला," बुधीबाई म्हणाली. "शाळंतलं नाव काढून टाकू. होळीपर्यंत गवत संपत नाय. मंग कोन घेतंय तिला शाळंत?"

पाड्यावर छापलेला कागद वाचू शकेल असं शहाणं डोकं एकच होतं, ते म्हणजे काळी. औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा ती वाचून दाखवी. शुक्राला त्याचा एवढा अभिमान होता की बाजारातून येताना कुठलाही छापलेला चिटोरा सापडला की तो पोरीसाठी कनवटीला लावून आणी.

त्याच दिवशी संध्याकाळी काळी शाळेतून आली ती खांद्याला विळा अडकवून. दोन दिवस हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण बुधीबाई दिवस उगवायच्या आत शेतात जाई ती अंधार पडल्यावरच घरी येई.

"शाळंत इळा कशाला लागतो गं?"

"कार्यानुभव," काळी म्हणाली.

"म्हंजे काय?"

"गुरुजींचं भात कापायचं. त्याला मार्क हायेत."

"किती कापलंस?"

"तीन दिसान समदं. आमी एकोनीस पोरं होतो ना. आज भाऱ्यांचा उडवा पन रचला." काळीच्या बोलण्यात चांगलाच ताठा होता. "गुरुजी बोललं, काळीचा हात सगळ्यांत चालतो."

बुधीबाईने एकदा पोरीकडे बघितलं, एकदा दारासमोरच्या उभ्या भाताकडे. मग तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. इथं घरचं भात गळायला आलंय, बाप अंगठा घेऊन देवासारखा बसलाय, आणि पोर मास्तरचा उडवा रचून आली. शुक्रा मात्र एकदम ताठ बसला. त्याचा चेहरा उजळला.

"अगं, गप. गुरुजी उसन्यात आलं!"

भोकरपाड्यावर मजूर लावून भात कापायची रीत नव्हती. तू माझ्या शेतावर तीन दिवस ये, मी तुझ्या शेतावर तीन दिवस येतो. उसनं घेतलेलं काम कामानेच फिटायचं. ज्याने फेडलं नाही त्याच्या लग्नात कुणी नाचायला जात नसे आणि त्याच्या मयताला लाकडं कमी पडत. पण आजवर एकाही मास्तरने, तलाठ्याने किंवा रानवाल्याने पाड्याशी उसनं केलेलं नव्हतं. ते लोक घेत आणि निघून जात. गुरुजींनी मोठेपणा बाजूला ठेवून पाड्याशी उसनं केलं, या विचाराने शुक्राला भरून आलं.

"उद्याच जातो. तीन दिस देनं हाय म्हटलं तर मानूस नाय म्हननार नाय."

बुधीबाईला नवऱ्याच्या अकलेचा भरवसा नव्हता, पण तिलाही दुसरा मार्ग दिसत नव्हता.

*

गोपीनाथ गुरुजी मूळचे डहाणूजवळच्या आगरचे, समुद्रकाठचे. नोकरीमुळे तलासरीत खोली घेऊन राहत आणि रोज सायकल मारत पाड्यावर येत. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. सायकल पंक्चर झाली तर चालत येत, पोरांना मारत नसत आणि पाढे चालीवर म्हणवून घेत. पण बायकोच्या माहेरचं दीड एकर भात पाड्याच्या खाली नदीकाठी होतं. सासरे अंथरुणाला खिळलेले, मेहुणा वापीच्या कारखान्यात, मजूर शोधावेत तर निम्मे चिकूच्या वाड्यांवर आणि निम्मे गवतावर. वर आभाळात ढग. बायको सुनंदा म्हणाली होती, "आपण दोघं रविवारी कापू की. मला येतं." तर गुरुजी म्हणाले होते, "मास्तरीणबाई शेतात वाकलेली दिसली तर तलासरीत तोंड दाखवायची सोय राहील का?" मग स्टँडवर चहा पिताना एका जुन्या शिक्षकाने मार्ग दाखवला. अहो, कार्यानुभव हा विषय आहे ना? शासनानेच दिलाय. सगळेच करतात.

सगळेच करतात हे ऐकलं की माणसाची अर्धी भीती जाते. गुरुजींची पूर्ण गेली.

बुधवारी सकाळी शुक्रा शाळेत आला तेव्हा गुरुजी हजेरी घेत होते. ओट्यावर भिकाआजा नेहमीप्रमाणे सुंभ वळत बसला होता. सत्तरीचा म्हातारा. शाळेच्या ओट्याला सकाळी सावली असते म्हणून तो रोज तिथे येऊन बसे आणि येता-जाता पाढेही ऐके.

शुक्राने सुजलेला अंगठा वर धरून दुसऱ्या हाताने नमस्कार केला.

"गुरुजी, बोलवाया आलू. इळा घरचा हाय, तुमी नुसतं या."

"कुठे?"

"माझ्या शेतान. काळीनं तुमाला तीन दिस दिलं ना. तुमचं तीन दिस आता माझं. माझा अंगठा ह्यो असा."

गुरुजी हसले. शुक्रा गंमत करतोय असं त्यांना वाटलं. शुक्राही हसला, कारण गुरुजी हसले. मग दोघेही हसायचे थांबले.

"अहो शुक्रा, तो कार्यानुभव होता. तो विषय आहे, जसं गणित, जशी भाषा. त्यात शेतीकाम येतं. त्याला गुण असतात."

"हां. पन भात तुमचं होतं."

"भात... भात माझंच होतं. पण शिक्षण मुलांचं झालं."

"काळीला तर सातव्या वर्सापासून येतंय कापाया," शुक्रा अगदी सरळपणे म्हणाला. "तिला काय शिकवलंत?"

वर्गातली एकोणीस पोरं श्वास रोखून ऐकत होती. हाच प्रश्न गुरुजी रोज पोरांना विचारत, आज काय शिकलात, आणि पोरं आत्ता गुरुजी बघत होते तशीच खाली बघत.

ओट्यावर भिकाआजाचे हात थांबले.

"गुरुजी, म्हंजे उसनं नव्हतं?"

"नाही ना आजा. तेच सांगतोय यांना."

"मंग मजुरी दिलीत पोरांना?"

"मजुरी कशी देणार? विद्यार्थी आहेत ते."

"उसनं नाय. मजुरी नाय." म्हाताऱ्याने सुंभ मांडीवर ठेवला. आवाज चढवला नाही, उलट खाली आणला. "आमच्या पोरपनी सावकाराचं मानूस यायचं नि घरटी एक जन शेतावर घेऊन जायचं. उसनं नाय, मजुरी नाय. त्याला पन एक नाव होतं, गुरुजी. माझ्या पाठीवर हाय ते अजून. तुमी शिकलेलं. तुमीच बोला काय नाव ते."

वेठ. हा शब्द डहाणू-तलासरी या दोन तालुक्यांत कुणी उगाच तोंडातून काढत नाही. तो गाडायला तिथल्या माणसांनी काय काय सोसलं, ते गुरुजींना माहीत होतं. पंधरा ऑगस्टच्या भाषणात दर वर्षी तेच सांगत ते, आणि सांगताना त्यांचा गळाही दाटून येई. भिकाआजा तेव्हा पहिल्या रांगेत बसलेला असे.

गुरुजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी एकदा फळ्याकडे बघितलं, एकदा पोरांकडे.

"उसनंच," ते म्हणाले. "उसनंच होतं ते आजा. मी जरा... शाळेच्या भाषेत बोलत होतो."

"तेच बोललू मी," भिकाआजा म्हणाला आणि त्याने सुंभ पुन्हा हातात घेतला. "मानूस चांगलं हाय आपलं."

दुपारपर्यंत पाड्यावरच्या अकराही घरांत निरोप पोचला होता. गुरुजींनी अख्ख्या पाड्याशी उसनं केलंय.

*

शाळेला कुलूप लावून गुरुजी त्याच दिवशी शुक्राच्या शेतावर आले. एकदाचं उरकून टाकू, असा त्यांचा हिशेब होता. अंगात गंजीफ्रॉक, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोक्याला रुमाल.

समुद्रकाठच्या माणसाला जाळं द्या, होडी द्या, वल्हं द्या. विळा हे वेगळं प्रकरण आहे. पहिल्या अर्ध्या तासात गुरुजींनी डाव्या करंगळीचं कातडं सोललं. दुसऱ्या अर्ध्या तासात त्यांची कंबर गेली. ती वाकलेली सरळ होईना आणि सरळ केली की पुन्हा वाकेना. भाताची पाती कोपरापर्यंत हात कापत होती आणि घाम त्या चिरांतून उतरला की गुरुजी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत. ते मंत्र होते की शिव्या, ते कुणाला ऐकू आलं नाही.

बांधावर शुक्रा बसला होता, अंगठा वर करून. आयुष्यात पहिल्यांदाच दुसरा माणूस राबत होता आणि तो बघत होता. हे सुख असं असतं होय, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"गुरुजी, बसा जरा. पानी घ्या," तो दर थोड्या वेळाने म्हणे. तेवढंच आपलं मुकादमाचं काम.

बुधीबाईची मात्र सहनशक्ती संपत आली होती. गुरुजी विळा बुडाशी लावायच्या ऐवजी वीतभर वर मारत. मागे अर्धा पेंढा खाचरातच उभा राही. ती मागोमाग येऊन तो पुन्हा कापी. एकाचं काम दोघांना पडू लागलं.

"काळे, दाखव गं त्यास्नी," ती शेवटी म्हणाली.

काळी शेजारच्याच ओळीत होती. ती आली आणि गुरुजींच्या समोर उकिडवी बसली. शाळेत ती सरळ उभी राहून बोटं मोडत बोले. इथे तिची बोटं विळ्यावर होती आणि तिला बोटं मोडायची गरज नव्हती.

"गुरुजी, मुठीन भाताचं चार चूड धरायचं. जास्ती नाय. इळा जमिनीला टेकवून आपल्याकडं ओढायचा. मारायचा नाय."

गुरुजींनी ओढला. तीन चूड आले, चौथा तसाच राहिला.

"परत," काळी म्हणाली.

पुन्हा ओढला.

"लक्ष कुठं हाय, गुरुजी? परत."

ते शब्द, तो सूर, मान जराशी तिरकी करायची ती लकब, सगळं गुरुजींचं स्वतःचं होतं. काळीने ते मुद्दाम केलं नव्हतं. शिकवायचं म्हणजे असं बोलायचं असतं, एवढंच तिला माहीत होतं. बांधावर जमलेली पोरं खिदळली. शाळेला कुलूप, मग जाणार कुठे? अख्खी शाळा शुक्राच्या बांधावर ओळीने बसली होती.

मधल्या वेळी नाचणीची भाकर आणि चिंबोरीचं कालवण आलं. ती चावणारीच होती की तिची बहीण, कोण जाणे. भाकर मोडता मोडता गुरुजी म्हणाले, "बुधीबाई, एवढी घाई कशाला करता? होईल आठ-दहा दिवसांत."

"सोमवारी ट्रक येतोय. त्याच्या आत नाय झालं तर काळीला गवतावर धाडायची." बुधीबाईने भांड्यात कालवण वाढलं. "मी बोलनारच होती तुमाला. नाव काढून ठेवा तिचं."

गुरुजींचा घास हातातच राहिला.

"काळीचं नाव? चौथीतून? अहो, तिला पुढे आश्रमशाळेत घालायचंय. माझ्या वर्गात धडधड वाचणारी एकच पोर आहे ती!"

"हां. वाचते, गुरुजी. पन मागल्या तीन दिसान ती घरी असती तर हा खालचा तुकडा झाला असता." बुधीबाईने हे टोमणा म्हणून म्हटलं नाही. तेवढाच तुकडा होता आणि तेवढेच दिवस गेले होते. ते ती सांगत होती.

गुरुजींनी त्या खालच्या तुकड्याकडे बघितलं. मग भाकर खाली ठेवून ते पुन्हा ओळीत जाऊन वाकले. त्यांना लाज वाटत होती आणि ती कमरेच्या दुखण्यापेक्षा जास्त टोचत होती.

तेवढ्यात काठी टेकत भिकाआजा आला. त्याने बांधावरची पोरं बघितली. गुरुजी बघितले.

"शाळा बंद?"

"तुमचंच उसनं फेडतोय आजा," गुरुजी विळा दाखवत म्हणाले. शाबासकी मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती.

"शाळंच्या टायमाला?" म्हाताऱ्याने काठी आपटली. "ह्यो टाइम पोरांचा. तो पोरांकडून घेतलास नि पोरांच्याच बापाला दिलास. ह्यान तुझं काय गेलं रे? शेजाऱ्याची कोंबडी कापायची नि त्यालाच जेवाया बोलवायचं, असं हाय हे!"

'तुमी' वरून 'तू' वर आला होता म्हातारा. गुरुजींनी ते ऐकलं. त्यांनी विळा बांधावर ठेवला, पायाचा चिखल पुसला आणि पोरांना घेऊन शाळेकडे निघाले. त्या दुपारी त्यांनी पाचपर्यंत शिकवलं, सगळा वेळ उभ्यानेच, कारण खुर्चीत बसता येत नव्हतं. पाचला कुलूप लावलं आणि दिवस बुडेपर्यंत पुन्हा भात.

*

घरी गेल्यावर सुनंदाने त्यांच्या पाठीला तेल चोळलं. चोळताना तिला हसू आवरत नव्हतं.

"मास्तरीणबाई शेतात वाकली असती तर लाज गेली असती नाही का? आता मास्तर वाकले."

"हस. हसून घे. पाठीत लचक भरलीय माझ्या."

"किती झालं कापून?"

गुरुजींनी पालथं पडल्यापडल्याच हाताने खाटेएवढा तुकडा दाखवला. मग काळीचं सगळं सांगितलं. ते ऐकून सुनंदाचं हसू थांबलं.

"तुम्हाला मी आधीच म्हटलं होतं," ती म्हणाली. आणि मग, नवरा अगदीच केविलवाणा दिसायला लागला तेव्हा, "सकाळी किती वाजता निघता?" असं विचारलं.

गुरुवारी आणि शुक्रवारी गुरुजी उजाडताच शेतात हजर होते. दहाला ओहोळात हातपाय धुवायचे, अकराला हजेरी. केसांत भाताची पाती, शर्टावर कुसळं. तिसरीतल्या पोरांनी गुणाकार कमी आणि गुरुजींच्या डोक्यावरचे किडे जास्त मोजले. विळा आता बुडाशी लागू लागला होता, निदान दहात सहा वेळा. काळीने त्यांना अजून पास केलं नव्हतं.

पण शुक्रवारी संध्याकाळी बुधीबाईने उरलेल्या भाताकडे बघून नुसती मान हलवली. निम्मं उभं होतं. पश्चिमेकडे, समुद्राच्या अंगाला, ढग काळे होत चालले होते.

शनिवारी भल्या सकाळी सायकलच्या मागच्या कॅरियरवर बसून सुनंदा आली. नेसूचं जुनेर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, कमरेला माहेरचा विळा. कुणाशी न बोलता ती खाचरात उतरली. सर्र, सर्र, सर्र. मूठ भरायची, कापायची, मागे ठेवायची, आणि हे सगळं एकाच झोकात. बुधीबाई क्षणभर बघत राहिली, मग तिनेही पदर खोचला. दोघींची चढाओढ लागली. गुरुजी मधल्या ओळीत होते. दोन्ही बाजूंनी दोघी पुढे निघून गेल्या आणि ते भाताच्या एका उभ्या पट्ट्यात एकटेच राहिले.

"हिला आदी का नाय आनली?" बांधावरून शुक्राने विचारलं.

गुरुजींकडे या प्रश्नाचं उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. त्यात शनिवारच्या सकाळच्या शाळेची वेळ झाली होती. ते सुटले.

रविवारी दुपारी शेवटच्या ओळीही पडल्या. कापलेलं भात एक ऊन खाऊन झालं होतं, पण ढग आता डोक्यावर आले होते. मग भारे बांधायची आणि डोक्यावरून खळ्यावर टाकायची एकच धांदल उडाली. सगळी पोरं मदतीला धावली, तर गुरुजी त्यांच्यावर ओरडले.

"कुणी भाऱ्याला हात लावायचा नाही! हे माझं देणं आहे!"

"गुरुजी, आज रविवार हाय," काळी म्हणाली. "नि हे आमचं भात हाय."

काळीने भारा उचलला. गुरुजींनीही उचलला. तो असा काही डोक्यावर बसला की त्यांना पुढचं दिसेना. ते सरळ शुक्राच्या झोपडीत शिरले आणि भाऱ्यासकट चुलीपर्यंत गेले. बुधीबाई हसून हसून खळ्यावर बसली. पाच दिवसांत ती पहिल्यांदा हसली होती. शेवटचा भारा आत आला आणि पाऊस पडलाच नाही. ढग नुसतेच आले होते, बघायला.

सोमवारी ट्रक आला. तोवर शुक्राचा अंगठाही विळा धरण्याएवढा उतरला होता. बुधीबाई गाठोडं घेऊन आधी शाळेपाशी गेली. दारात उभी राहून म्हणाली, "गुरुजी, पोर ठेवून चाललू. एकच हाय. आता ती कुनाच्या भातापाशी नाय, पुस्तकापाशी दिसू दे."

तिचे डोळे भरले होते. गुरुजींनी मान हलवली. त्यांना पंधरा ऑगस्टला जसं बोलता येई, तसं एक वाक्यही त्या वेळी बोलता आलं नाही.

दिवाळीची सुट्टी लागली आणि उरलेल्या दहा घरांचं उसनं सुरू झालं. कुणाकडे झोडणी, कुणाकडे वैरण वाहायची. आगरहून भाऊ बोलवायला आला तर त्याला गुरुजी खळ्यावर सापडले, धुळीत माखलेले. भावाने आधी ओळखलं नाही. ओळखल्यावर विचारलं, "नोकरी गेली काय रे?"

*

डिसेंबरात शाळा तपासायला विस्तार अधिकारी आले. फटफटीवरून, डोळ्यांवर काळा चष्मा. दप्तर बघितलं, पोरांना दोन पाढे विचारले. मग खुर्चीत रेलून म्हणाले, "पटसंख्या चांगली आहे हो. आणि मुलं काटक दिसतात."

"हो साहेब."

"आमच्या मेहुण्याची चिकूची वाडी आहे घोलवडला. तोड चालू आहे. शनिवारी पंधरा मुलं पाठवा. टेंपो येईल न्यायला. कार्यानुभवात घालून टाका."

ओट्यावर भिकाआजाचं सुंभ वळायचं थांबलं. गुरुजींना ते न बघताही कळलं.

"नाही साहेब," ते म्हणाले.

"काय नाही?"

"मुलं पाठवता येणार नाहीत. त्यांची शाळा आहे शनिवारी." "मीही एकदा नेली होती माझ्या शेतावर. चुकलो मी. आईबाप ती मला शिकवायला देतात, वापरायला नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "मोखाड्याला जागा रिकामी आहे एक," ते म्हणाले. "डोंगरात. बायको-मुलं नेता येणार नाहीत."

"जशी आपली आज्ञा," गुरुजी म्हणाले.

साहेबांनी शेरेबुक ओढलं, दोन ओळी खरडल्या, सही ठोकली आणि फटफटीला लाथ मारून निघून गेले. चहासुद्धा घेतला नाही. धूळ खाली बसेपर्यंत गुरुजी दारातच उभे होते. बदली खरोखर होईल की नुसती धमकी, हे त्यांना माहीत नव्हतं. सुनंदाला काय सांगायचं, तेही ठरत नव्हतं.

भिकाआजा काठी टेकत आत आला.

"काय लिवून गेला तो?"

गुरुजींनी शेरेबुक टेबलावरून उचललं, वाचलं आणि काळीपुढे धरलं. काळी उभी राहिली. अक्षर साहेबी होतं, वाकडंतिकडं, पण ती कुठेच अडली नाही.

"'सदर शिक्षक कार्यानुभव या विषयात अत्यंत कच्चे आहेत. शेतीकामाची त्यांना आवड व माहिती दिसून येत नाही.'"

म्हाताऱ्याने मान तिरकी करून सगळं ऐकलं. गुरुजींना आपादमस्तक न्याहाळलं. मग त्याच्या तोंडावर खरंखुरं आश्चर्य दिसलं.

"बराबर लिवलाय," तो म्हणाला. "पन गुरुजी, हा साहेब आपल्या शेतावर आला कवा?"